आढावा कधीचा?

डेक्सामेथासोनची व्हायल दोन मिलीची असते, एका मिलीत चार मिलिग्रॅम औषध. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झालेली बाई लेबर रूममध्ये आली, की सिस्टर त्यातलं दीड मिली सिरिंजमध्ये ओढून घेते आणि स्नायूत टोचते. बारा-बारा तासांनी असे चार डोस. टोचायचं आईला, पण औषध बाळासाठी. पोटात असतानाच त्याची फुप्फुसं तयार व्हावीत, बाहेर आल्यावर पहिला श्वास त्याला जड जाऊ नये, म्हणून. औषध एक स्टेरॉइड; अगदी स्वस्त, आणि जुनं.

या दीड मिलीमागे पन्नास वर्षांच्या चाचण्या आहेत. त्या शोधून काढून एका तक्त्यात मांडणारी आणि नवी चाचणी आली की तो तक्ता पुन्हा उघडणारी माणसंही आहेत. वैद्यकात या कामाला पद्धतशीर आढावा म्हणतात. एक नेमका प्रश्न घ्यायचा, त्यावर जगात कुठेही झालेल्या चाचण्या आधी जाहीर केलेल्या पद्धतीने शोधायच्या, प्रत्येकीत खोट कुठे आहे ते तपासायचं आणि आकडे एकत्र करण्यासारखे असतील तर करायचे. डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचना आता बहुतेक यावरच उभ्या असतात. म्हणून असा आढावा हातात आला की निष्कर्षाच्या आधी मी एक तारीख शोधतो. प्रकाशनाची नाही, चाचण्यांचा शोध कुठल्या दिवसापर्यंत घेतला होता, ती. ती आत कुठेतरी, पद्धतीच्या परिच्छेदात दडलेली असते. खरं तर ती शीर्षकाच्या शेजारी छापायला हवी. का, ते डेक्साच्याच गोष्टीवरून सांगतो.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर काम करत होते. प्रसूती सुरू कशामुळे होते, हा त्यांचा प्रश्न. पोटात असतानाच स्टेरॉइड दिलेलं एक कोकरू फार लवकर जन्मलं. इतक्या कोवळ्या कोकराला श्वास घेता यायलाच नको होता, पण ते श्वास घेत होतं. लिगिन्सनी रॉस हॉवी या बालरोगतज्ज्ञाला बरोबर घेऊन २८२ गरोदर बायकांवर चाचणी केली आणि १९७२ मध्ये ती प्रसिद्ध केली. औषध होतं डेक्साचंच भावंड, बीटामेथासोन. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधला श्वासाचा आजार कमी झाला, मृत्यूही कमी झाले.

पुढच्या दहा वर्षांत आणखी चाचण्या झाल्या. बहुतेक लहान होत्या, एकेकटी पाहिली तर उत्तर 'नक्की सांगता येत नाही' असंच यायचं. यांतल्या सात चाचण्यांची आकृती आज कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात आहे. मध्ये एक उभी रेघ, म्हणजे औषधाने काही फरक नाही. प्रत्येक चाचणीची एक आडवी रेघ. ती जितकी लांब तितकी अनिश्चितता जास्त. सातांतल्या बऱ्याचशा उभ्या रेघेला छेदून जातात. तळाशी सगळ्यांची बेरीज शंकरपाळ्याच्या आकारात काढलेली आहे, आणि तो शंकरपाळा उभ्या रेघेपासून सुटून स्पष्ट डावीकडे आहे. डावीकडे म्हणजे बाळं वाचतात. ही बेरीज १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच करता आली असती. ती रीतसर झाली १९८९-९०च्या सुमारास, आणि अमेरिकेत तज्ज्ञांच्या बैठकीने हे इंजेक्शन द्याच असं सांगायला १९९४ उजाडलं. मधल्या काळात ते बहुसंख्य बायकांना मिळालंच नाही.

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ आर्ची कॉक्रेन यांनी १९७९ मध्येच आपल्या व्यवसायावर ठपका ठेवला होता, की प्रत्येक शाखेतल्या सगळ्या चाचण्यांचा चिकित्सक गोषवारा आपण अजून तयार केलेला नाही. प्रसूतिशास्त्राला तर त्यांनी सगळ्यांत शेवटचा नंबर दिला होता. हे वाक्य नेहमी सांगितलं जातं, पण त्यातला एक छोटा शब्दसमूह सांगताना गळतो. गोषवारा वेळोवेळी सुधारत राहायचा, असंही कॉक्रेन म्हणाले होते. ऑक्सफर्डच्या इयन चाल्मर्सनी ते मनावर घेतलं. १९८९ मध्ये त्यांच्या चमूने गर्भारपण आणि बाळंतपणातल्या उपचारांवर दोन जाडजूड खंड काढले, आणि छापील ग्रंथ जुना होणारच हे ओळखून संगणकावर बदलत राहील अशी नोंदही ठेवली. १९९२ मध्ये ऑक्सफर्डला कॉक्रेनच्या नावाचं केंद्र उघडलं, १९९३ मध्ये त्यातून आंतरराष्ट्रीय संस्था झाली.

तक्ता वेळेवर न उघडल्याची किंमत त्याच सुमारास इतरत्रही मोजली गेली. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजवर १९५९ ते १९८८ या काळात ३३ चाचण्या झाल्या. अमेरिकी संशोधकांनी १९९२ मध्ये त्या एकामागून एक जोडत नेल्या, जणू प्रत्येक चाचणीनंतर कोणीतरी बेरीज करत होतं. उत्तर १९७३ मध्येच पक्कं झालेलं दिसलं: आठ चाचण्या, २,४३२ रुग्ण. त्यानंतरच्या २५ चाचण्यांत ३४,५४२ रुग्ण घेतले गेले. त्यांतल्या किती जणांना औषधाऐवजी खोटं सलाईन मिळालं असेल, हा विचार मनातून जात नाही. तान्ह्या बाळाला पालथं निजवण्याचा सल्ला ही त्याहून क्लेशदायक गोष्ट. पालथं निजवल्याने पाळण्यातले अचानक मृत्यू वाढतात, हे १९७०च्या सुमारास उपलब्ध अभ्यासांच्या बेरजेतून दिसलं असतं. पाश्चात्त्य देशांत तो सल्ला १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत दिला जात राहिला. २००५ मध्ये केलेल्या हिशेबानुसार एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून जास्त बाळं वाचली असती.

मग एक आढावा टिकतो तरी किती? २००७ मध्ये कॅनडाच्या संशोधकांनी शंभर आढावे घेऊन त्यांचं आयुष्य मोजलं, अगदी रुग्णांचं मोजतात तसं. निष्कर्ष बदलायला लावेल असा नवा पुरावा यायला मध्यकाने साडेपाच वर्षं लागली. पण जवळपास पाव आढावे दोन वर्षांतच शिळे झाले होते, आणि शंभरातले सात छापून आले त्याच दिवशी. हा शेवटचा आकडा ऐकून लोक चमकतात. ज्यांनी हे काम केलंय ते चमकत नाहीत.

कारण काम कसं चालतं ते पाहा. शोधपट्टीत शब्द टाकल्यावर तीन-चार हजार शीर्षकं समोर येतात. दोन जण, एकमेकांचं न बघता, प्रत्येक शीर्षक आणि सारांश वाचतात आणि ठेव-गाळ ठरवतात. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे तिसरा. उरलेल्या दीडशे-दोनशे लेखांची पूर्ण प्रत मिळवायची. एखादी चिनी भाषेत, एखादी फक्त परिषदेतला अर्धा परिच्छेद. मग आकडे काढायचे, पुन्हा दोघांनी वेगवेगळे. एका तक्त्यात ४८ बाळं आणि दुसऱ्यात ४६ असली, तर मूळ संशोधकाला पत्र लिहायचं आणि उत्तराची वाट पाहायची. २०१७ मध्ये मोजलं गेलं, तेव्हा आढाव्याची नोंदणी ते प्रकाशन यांत सरासरी ६७ आठवडे जात होते. सव्वा वर्षापूर्वीच्या शोधावर आजचा निष्कर्ष छापला जातो. शिवाय एका जुन्या अंदाजाप्रमाणे २०१०च्या सुमारासच जगात रोज ७५ चाचण्या आणि ११ आढावे प्रसिद्ध होत होते.

आता पुन्हा लेबर रूममध्ये. १९९०च्या दशकापासून कॉक्रेनचा स्टेरॉइडवरचा आढावा अनेकदा अद्ययावत झाला आणि दर वेळी उत्तर तेच: द्या. पण त्यातल्या चाचण्या मुख्यतः मोठ्या, सुसज्ज रुग्णालयांतल्या होत्या. दिवस किती भरलेत हे सोनोग्राफीवर नक्की कळतं, जन्मलेल्या बाळाला ऑक्सिजन आणि काचेची पेटी मिळते, अशा ठिकाणांतल्या. हेच औषध उपकेंद्रात, गावात दिलं तर? भारत सरकारने जून २०१४ मध्ये सूचना काढली, की २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झालेल्या बाईला उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरनेही डेक्सा द्यावं आणि मग पुढे पाठवावं. हेतू उत्तम होता. समोर असलेल्या पुराव्याला धरून तो निर्णय होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'द लॅन्सेट'ने एका मोठ्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध केले. सहा देश, जवळपास एक लाख जन्म. भारतातली तिची दोन केंद्रं नागपूर आणि बेळगाव. म्हणजे विदर्भातल्या गावांमधली बाळंतपणंही या मोजणीत होती. एका गटातल्या गावांत स्टेरॉइड जास्तीत जास्त गरजूंपर्यंत पोचवायची व्यवस्था केली, दुसऱ्या गटात नेहमीचीच सेवा. अगदी कमी वजनाच्या बाळांमध्ये मृत्यू घटले नाहीत. आणि सगळी बाळं मिळून पाहिलं तर औषध पोचवलेल्या गटात नवजात मृत्यू थोडे जास्त निघाले, हजार जन्मांमागे साधारण साडेतीन. आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही जास्त. कारणांवर चर्चा अजून होते, पण एक गोष्ट उघड आहे. गावात दिवसांचा हिशेब पाळीच्या तारखेवर, आठवणीवर आणि पोटाच्या उंचीवर चालतो. ज्यांना औषध मिळालं त्यांतल्या बऱ्याच बायकांचं बाळंतपण पुढे दिवस भरूनच झालं. त्या बाळांना औषधाची गरज नव्हती, तोटा मात्र होऊ शकत होता.

इथे अद्ययावत करण्याचा खरा अर्थ मला कळला. तोवर मला वाटायचं, की नवी चाचणी आली म्हणजे तक्त्यात एक ओळ वाढते, शंकरपाळा जरा आखूड होतो. या चाचणीने तक्त्याखालचा प्रश्नच बदलला. 'औषध काम करतं का' याऐवजी 'कुठे, कोणाच्या हातून, दिवस किती नक्की माहीत असताना' हे विचारावं लागलं. ही चाचणी सेवा-व्यवस्थेची होती, जुन्या चाचण्या औषधाच्या. दोन्हींची सरळ बेरीज करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये शिफारस ठेवली, पण अटींसह: गर्भाचे आठवडे खात्रीने माहीत असावेत, आईला जंतुसंसर्ग नसावा, बाळंतपणाची आणि कमी दिवसांच्या बाळाच्या काळजीची सोय असावी.

अट घातली तरी शंका उरलीच. गरीब देशांतल्या रुग्णालयांत तरी औषध उपयोगी आहे का? म्हणून संघटनेने भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियातल्या रुग्णालयांत नवी चाचणी घेतली. २,८५२ बायका, आणि चिठ्ठीने ठरलेलं डेक्सा किंवा बिनऔषधी इंजेक्शन. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. २०२०च्या शेवटी आलेल्या निकालात नवजात मृत्यूचं प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आलं होतं. भारतात २०२० साली सुमारे ३० लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. एवढ्या बाळांच्या बाबतीत चार टक्क्यांचा फरक म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

२०२०च्याच डिसेंबरात कॉक्रेनचा आढावाही नव्याने आला, या चाचणीसकट. त्यात एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. २०१७च्या आवृत्तीत ३० चाचण्या होत्या. २०२०मध्ये नव्या चाचण्यांची भर पडूनही संख्या २७ वर आली. दरम्यान आढावा करणाऱ्या गटाने चाचण्यांची विश्वासार्हता तपासायची कडक चाळणी लावली होती, आणि त्या चाळणीतून आधी मोजलेल्या काही चाचण्या पार झाल्या नाहीत. नवजात मृत्यूंमधली घट आधी ३१ टक्के दिसत होती, आता २२ टक्के दिसते. आकडा लहान झाला आणि त्यावरचा विश्वास मोठा झाला. बायका ७,७७४ वरून ११,२७२ झाल्या, त्यांत गरीब आणि मध्यम देशांतल्या बायकांचा वाटा आता मोठा आहे.

जुनं काढून टाकणं हा अद्ययावत करण्याचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. अतिदक्षता विभागात रक्तदाब सावरायला हायड्रॉक्सीएथिल स्टार्चचं सलाईन वर्षानुवर्षं वापरलं गेलं. त्यावर अनेक चाचण्या प्रसिद्ध करणारे जर्मनीतले भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांचे लेख गैरप्रकारांमुळे मोठ्या संख्येने मागे घेतले गेले. २०१३च्या एका आढाव्यात त्यांच्या सात चाचण्या वगळल्या, तेव्हा हे सलाईन मृत्यू वाढवतं हे चित्र स्पष्ट झालं. कोविडच्या काळात आयव्हरमेक्टिनच्या बाबतीतही असंच घडलं. ज्या इजिप्शियन अभ्यासावर काही बेरजा तोललेल्या होत्या तो जुलै २०२१ मध्ये काढून घेतला गेला आणि बेरजांमधला फायदा विरत गेला. ज्यांनी आपली बेरीज पुन्हा करून चूक कबूल केली, त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

उशिरा आलेला पुरावाही तितकाच घात करतो. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांवर 'अ' जीवनसत्त्वाची चाचणी झाली. काम २००४च्या सुमारास आटोपलं, पूर्ण लेख आला २०१३ मध्ये. कॉक्रेनच्या २०१०च्या आढाव्यात या जीवनसत्त्वाने बालमृत्यू २४ टक्क्यांनी घटतात असा आकडा होता. २०१७च्या आवृत्तीत, ही चाचणी धरून आणि आकडे जोडायची पद्धत बदलून, तो १२ टक्के झाला. मधली वर्षं जगभरचे कार्यक्रम मोठ्या आकड्यावर चालले.

कोविडने मात्र एक वाट दाखवली. ऑस्ट्रेलियाचे ज्युलियन एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्येच मांडलं होतं, की आढावा एकदा छापून कपाटात ठेवायचा नाही. दर महिन्याला शोध घ्यायचा आणि निष्कर्ष हलला की लगेच सुधारायचा. इंग्रजीत त्याला 'लिव्हिंग' म्हणतात. मी नांदता आढावा म्हणतो, कारण नांदत्या घरात रोज केर काढला जातो. २०२० मध्ये ही कल्पना प्रत्यक्षात आली. जूनमध्ये ब्रिटनमधल्या चाचणीने दाखवलं, की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू डेक्साने ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर येतात. तीच स्वस्त व्हायल. सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची नांदती मार्गदर्शक सूचना निघाली आणि पुढे ती एकेका औषधासाठी बदलत राहिली.

कोविडवरच्या प्लाझ्मा-उपचाराचा अनुभव त्याच्या उलटा, आणि तो आपल्या अंगणातला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. प्लाझ्माने ना आजार बळावणं थांबलं, ना मृत्यू. ऑक्टोबर २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि देशातली स्वतःची चाचणी म्हणून तिचा अभिमान वाटावा इतकी ती नेटकी होती. राष्ट्रीय उपचारसूचनेतून प्लाझ्मा वगळला गेला मे २०२१ मध्ये. त्या एप्रिलमध्ये पुण्या-मुंबईतला व्हॉट्सॲपचा कुठलाही ग्रुप उघडला की रक्तगटासह 'प्लाझ्मा डोनर तातडीने हवा' हे निरोप दिसत. घरातला एक जण ऑक्सिजन बेड शोधतोय, दुसरा दाता शोधतोय. पुरावा सहा महिन्यांपूर्वी बदलला होता, कागद बदलला नव्हता, आणि त्या उशिराचा शीण ज्यांच्या वाट्याला आला ते आधीच कोलमडलेले होते.

मग सगळेच आढावे नांदते ठेवावेत का? माझं उत्तर नाही असं आहे. कॉक्रेनने सुरुवातीला दर दोन वर्षांनी अद्ययावत करायचा नियम केला होता. तो पाळणं जमलं नाही आणि सगळीकडे तसं करण्याची गरजही नव्हती. २०१६ मध्ये 'बीएमजे'त पॉल गार्नर आणि इतरांनी जे तीन प्रश्न मांडले ते अजूनही सर्वांत कामाचे आहेत: हा प्रश्न अजून लोकांच्या उपयोगाचा आहे का, मूळ आढावा नीट केलेला होता का, आणि नव्या पुराव्याने उत्तर बदलायची शक्यता आहे का. तिन्हींना होकार असेल तर तक्ता उघडावा. वारंवार उघडण्यातही धोका आहे. दर वेळी नव्याने बेरीज केली, तर कधीतरी निव्वळ योगायोगाने फरक 'सिद्ध' झाल्यासारखा दिसतो, आणि त्यासाठी संख्याशास्त्राची वेगळी काळजी घ्यावी लागते. शीर्षकं चाळायला आता यंत्राची मदत होते. चिठ्ठीने गट पाडलेली चाचणी कुठली, हे संगणक बऱ्यापैकी ओळखतो. चाचणी विश्वासार्ह आहे का आणि ती आपल्या तालुक्याला लागू पडते का, हे माणसालाच ठरवावं लागतं.

दुसरीकडे नव्या आढाव्यांचा पूर आहे. जॉन आयोनिडिस यांनी मोजलं, की १९९१ ते २०१४ या काळात दर वर्षी निघणारे आढावे २,७२८ टक्क्यांनी वाढले. एकाच औषधावर दहा-दहा, आणि त्यांतला एकही पुढे कोणी सांभाळत नाही. नव्या आढाव्यावर पदवी मिळते, बढती मिळते, नाव पहिलं लागतं. जुना आढावा सांभाळणाऱ्याला यांतलं फारसं काही मिळत नाही. माझ्या मते पदव्युत्तर विद्यार्थ्याला नवा अकरावा आढावा करायला लावण्यापेक्षा असलेला एक चांगला आढावा पुढे न्यायला दिला, तर तो जास्त शिकेल आणि रुग्णांचंही भलं होईल. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात वर्षानुवर्षं हे काम शिकवलं गेलं आहे, आणि चाचण्यांची भारतीय नोंदणी २००७ पासून आहे. माणसं तयार करण्याची सोय आपल्याकडे नाही असं म्हणता येणार नाही.

डेक्साचा आढावा इतकी वर्षं सांभाळला तो लिव्हरपूलमधल्या कॉक्रेनच्या गर्भारपण आणि बाळंतपण गटाने. ब्रिटनमधल्या अशा गटांना तिथल्या सरकारी संशोधन निधीतून मिळणारा पैसा मार्च २०२३ मध्ये बंद झाला. आणि प्रश्न संपलेला नाही. ३४ ते ३६ आठवड्यांतल्या बाळांचं काय? अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,८३१ बायकांच्या चाचणीत या बाळांचा श्वासाचा त्रास कमी झाला, पण रक्तातली साखर घसरण्याचं प्रमाण १५ वरून २४ टक्क्यांवर गेलं. जिथे नवजात बाळाची साखर दर काही तासांनी तपासायला माणूस आणि पट्ट्या दोन्ही असतात, तिथे हे निभावतं. जिथे रात्रपाळीला एकच सिस्टर आहे, तिथलं उत्तर मिळावं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा त्याच पाच देशांत चाचणी मांडली आहे. भारत त्यात आहे. तिच्या निकालाची ओळ त्या तक्त्यात कोणीतरी भरायची आहे.